पाणी कुठे मुरतंय? हरिपूरच्या पेवापासून बेसमेंटपर्यंत

मृग लागला की आपल्याकडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर दोन प्रकारचे मेसेज सुरू होतात. पहिला, "बेसमेंटमध्ये पाणी आलंय, गाड्या काढून घ्या." दुसरा, "परवाच तर वॉटरप्रूफिंगला वर्गणी दिली होती, ते पैसे गेले कुठे?" दुसऱ्या मेसेजवर दोन दिवस भांडण चालतं, मग पाऊस थांबतो, भिंत वाळते आणि विषय पुढच्या जूनपर्यंत मिटतो.

आज त्या भांडणावर नाही, त्याच्या मागच्या इतिहासावर लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा. मला कधीचा एक प्रश्न पडलाय. आपल्याच शेजारच्या हरिपुरात लोक पिढ्यान्‌पिढ्या हळदीसारखा नाजूक माल जमिनीखाली वीस-पंचवीस फुटांवर वर्षानुवर्षं कोरडा ठेवत होते. तिथे ना सिमेंट होतं, ना केमिकल. आणि आपल्याला आज सिमेंट, सळई, रसायनं, मोटार, इंजिनिअर एवढं सगळं हाताशी असताना दहा फुटांचं बेसमेंट कोरडं राखता येत नाही. हे असं का?

आधी पेवाचीच गोष्ट. 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार आपण रोज वापरतो. क्लासेसचं पेव फुटलं, बांधकामांचं पेव फुटलं. पण पेव पाहिलेली माणसं आता कमी राहिली. पेव म्हणजे जमिनीत खोदलेलं कोठार. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत पोट मोठं, रांजणासारखं. आत शेणामातीचं सारवण, तळाला आणि कडेला कडब्याचा किंवा पाल्याचा थर, मग माल, आणि वरून तोंड मातीने पक्कं बुजवलेलं. महाराष्ट्रात गावोगावी धान्याची पेवं होती. आपल्या हरिपुरात, कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या गावात, ती हळदीची झाली. सांगलीची बाजारपेठ हळदीसाठी देशभर ओळखली जाते, २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या नावामागे बाजाराइतकाच या पेवांचाही हात आहे. पेवातली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, रंग उतरायचा नाही.

हे कसं जमायचं? नीट पाहिलं तर पेवात 'वॉटरप्रूफिंग' असं काही नव्हतंच. पाणी अडवणारा कोणताही थर नव्हता. होती ती जागेची निवड. जिथली माती खोलवर घट्ट, एकसंध, कडा न ढासळणारी आणि पाणी धरून न ठेवणारी आहे, तिथेच पेव खोदायचं. हरिपूरची माती तशी आहे म्हणून पेवं हरिपुरात झाली, दहा मैलांवरच्या दुसऱ्या गावात नाही. दुसरी गोष्ट तोंडाची. तोंड अरुंद असल्याने पावसाचं पाणी आत जायची वाट एवढीशी, आणि ती एवढीशी वाट नीट बंद करता यायची. तिसरी गोष्ट हवेची. तोंड बुजवलं की आतला प्राणवायू हळूहळू संपायचा, त्यामुळे किडे जगत नसत. म्हणूनच पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उडी मारत नसे. आधी दोरीने कंदील सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं, पेव मोकळं ठेवायचं, नंतर माणूस उतरायचा.

माती बघणं, तोंड लहान ठेवणं, कंदील सोडून पाहणं. यातलं काहीही कुठल्या डब्यात मिळत नाही.

आता गावाची रचना बघा. आपल्याकडे जमिनीचे दोनच भाग मानायचे, काळी आणि पांढरी. काळी पिकवायला, पांढरी राहायला. गावठाण म्हणजे पांढरी, बहुतेक वेळा आजूबाजूपेक्षा उंच. काळी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात वाळून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर भिंत उभी केली तर भिंतही तिच्याबरोबर हलते. हे शेतकऱ्याला सांगावं लागत नसे. पेवंही पांढरीत असायची, काळीत नाही.

घर बांधताना पहिला खर्च जोत्यावर. घडीव दगडाचं दोन-तीन हात उंच जोतं, मग वर वीट किंवा माती. आज आपण जोत्याची उंची फक्त नियमात किती इंच लिहिली आहे तेवढीच ठेवतो. पण जोतं हीच जुन्या घराची ओलीविरुद्धची मुख्य तटबंदी होती. जमिनीतलं पाणी विटेतल्या बारीक छिद्रांतून वर चढतं, दिव्याच्या वातीतून तेल चढतं तसं. घट्ट काळ्या दगडातून ते सहजासहजी चढत नाही. म्हणून खाली दगड, वर वीट.

आणि जिथे जमीन मुळातच ओली, तिथे आपले लोक खाली गेलेच नाहीत. पन्हाळ्याचा अंबरखाना आठवा. गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारं. एवढं धान्य साठवायचं होतं, पण पेवं खणली नाहीत. पन्हाळ्याचा पाऊस ज्याने अनुभवलाय त्याला कारण कळेल. सगळं जमिनीच्या वर, जाड भिंतींचं, घुमटाच्या छताचं. गंगा कोठार सुमारे पस्तीस फूट उंच. धान्य छताला ठेवलेल्या छिद्रांतून आत ओतायचं. म्हणजे तेव्हाचा प्रश्न 'पाणी कसं अडवू' असा नव्हताच, 'इथे खाली जायचं की वर' असा होता. जागा बघून उत्तर ठरायचं.

याचा अर्थ पाणी अडवणं त्यांना येत नव्हतं असं नाही. चांगलंच येत होतं. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळातून पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांतल्या हौदांपर्यंत आणलं गेलं. पंप नाही, फक्त उतार. वाटेत हवा खेळायला आणि साफसफाईला उच्छ्वास. हे सगळं चुन्यात. किल्ल्यांवर फिरणाऱ्यांनी चुन्याची घाणी पाहिली असेल, गोल दगडी चर आणि त्यात फिरणारं जड दगडी चाक. बैल तासन्‌तास ते चाक ओढायचे. चुना, वाळू आणि विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, एकजीव व्हायची. पुढे प्रत्येक भागातल्या गवंड्याची कृती वेगळी. कोणी गुळाचं पाणी घालायचा, कोणी हिरडा, कोणी बेलफळाचा गर, कोणी उडीद. गिलावा लावून झाल्यावर त्याची घोटाई व्हायची, हाताला आरशासारखं गुळगुळीत लागेपर्यंत.

इथे एक बारीक गोष्ट आहे. साधा शुद्ध चुना पाण्याखाली नीट घट्ट होत नाही. ज्या चुनखडीत चिकणमाती मिसळलेली असते तिचा चुना मात्र पाण्यातही धरतो. १७५० च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन नावाच्या इंजिनिअरला समुद्रातल्या एडिस्टन खडकावर दीपगृह बांधायचं होतं. त्याने वेगवेगळे चुने तपासून ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीने मांडली. आधुनिक सिमेंटचा रस्ता तिथून सुरू होतो. आपल्या दख्खनच्या मातीत सापडणारी कंकराची चुनखडी मुळातच चिकणमाती मिसळलेली असते. शिवाय सुरखी घातली की तोच गुण आणखी वाढतो. घाणी हाकणाऱ्याला रसायनशास्त्र माहीत नव्हतं, पण कुठला खडा भट्टीत घालायचा ते माहीत होतं. भंडारदऱ्याचं १९२६ साली पूर्ण झालेलं दगडी धरण अशाच चुन्याच्या बांधकामाच्या परंपरेतलं आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हौदाला गिलावा कुठून लावायचे? आतून. कारण पाणी आत आहे. पाण्याचा दाब गिलाव्याला भिंतीवर आणखी दाबतो, तो अजून घट्ट बसतो. तळघराचं उलट आहे. पाणी बाहेर, मातीत आहे. मग थर कुठे हवा? बाहेरून. हे एवढं साधं आहे. तरीही आपण बेसमेंटला दरवर्षी आतून लेप लावतो. पाणी बाहेरून भिंतीत शिरतं, आतल्या लेपाच्या मागे येऊन बसतं आणि त्याला ढकलत राहतं. पहिल्या पावसाळ्यात फुगे, दुसऱ्यात पोपडे, तिसऱ्यात नवी वर्गणी.

सिमेंटने काय बदललं तेही पाहू. १८२४ साली इंग्लंडमध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने 'पोर्टलंड' सिमेंटचं पेटंट घेतलं. आपल्याकडे १९१४ साली पोरबंदरला इंडियन सिमेंट कंपनीचं उत्पादन सुरू झालं आणि १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली. पुढच्या पन्नास वर्षांत चुन्याच्या भट्ट्या विझल्या, घाण्या थांबल्या. याला नावं ठेवायचं कारण नाही. सिमेंट नसतं तर आजची धरणं, पूल, इमारती झाल्याच नसत्या. चुन्याला महिने लागायचे ते काम दिवसांत होऊ लागलं.

पण एक समजूत मात्र चुकीची रुजली. सिमेंट म्हणजे पाणी न शिरणारी वस्तू, अशी. चुन्याची भिंत ओल घेते आणि वाफेच्या रूपाने सोडतेही. सिमेंटचा गिलावा कडक असतो, त्याला बारीक तडे जातात, तड्यातून पाणी आत शिरतं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीचा चुना काढून सिमेंट लावलं की ओल गुडघ्यावरून कमरेपर्यंत चढते, हे आपल्यापैकी अनेकांनी घरी पाहिलं असेल. त्या पाण्याबरोबर क्षार वर येतात आणि पांढरा लोणा फुटतो. लोणा दिसला की आपण रंगवाल्याला बोलावतो. रंगाचा त्यात काही दोष नसतो.

मग आला ब्लॉक. अमेरिकेत हार्मन पामर या माणसाने १९०० साली पोकळ काँक्रीट ब्लॉक बनवायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. वीट भाजायला नको, काम झटपट. स्वीडनमध्ये १९२० च्या दशकात हलका, हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला ब्लॉक निघाला. पुण्याकडे आजही अनेक जण त्याला सिपोरेक्सच म्हणतात. हे दोन्ही ब्लॉक वरच्या मजल्यांवर उत्तम. पण ब्लॉकची भिंत म्हणजे शेकडो सांध्यांची भिंत. प्रत्येक सांधा ही पाण्याची वाट. पोकळ ब्लॉकच्या आतल्या पोकळीत पाणी साचत जातं आणि भिंत आतून भरलेल्या टाकीसारखी होते. ओल जिथे दिसते तिथून पाणी शिरलेलं नसतंच. ते शिरतं दहा फूट लांब आणि दिसतं इथे. 'कुठेतरी पाणी मुरतंय' ही म्हण बहुधा एखाद्या वैतागलेल्या गवंड्याचीच असावी.

ब्लॉकची भिंत तळघराला का चालत नाही याचा हिशोब सोपा आहे. भिंतीबाहेर दहा फूट, म्हणजे सुमारे तीन मीटर पाणी साचलं, तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब येतो. पूर्ण उंचीचा हिशोब केला तर भिंतीच्या दर रनिंग फुटामागे साधारण चौदाशे किलो. मातीचा दाब वेगळा. सळई नसलेली सहा इंची ब्लॉकची भिंत हा आडवा रेटा घेऊ शकत नाही. ती आधी आडवी तडकते, साधारण मधल्या उंचीवर. अशी आडवी चीर तुमच्या बेसमेंटमध्ये असेल तर तो लेपाचा विषय नाही, इंजिनिअरला दाखवायचा विषय आहे.

जमिनीचंही तसंच. पाणी फक्त आडवं नाही, खालून वरही दाबतं. तेवढ्याच खोलीवर फरशीला खालून दर चौरस मीटर तीन टन रेटा असतो. नऊ इंची स्लॅबचं वजन जेमतेम अर्ध्या टनाच्या वर. म्हणजे वरच्या इमारतीचा भार आणि पुरेशी सळई नसेल तर फरशी फुगून वर येते.

आणि आपल्या दख्खनात एक गंमत आणखी आहे. आपण मुरूम आणि काळा कातळ फोडून खड्डा करतो, त्यात भिंती उभ्या करतो आणि भिंत व खडक यांच्यामधल्या फटीत जो मिळेल तो राडारोडा भरतो. भोवतीचा कातळ पाणी पीत नाही, पण मुरूम आणि कातळ यांच्या सांध्यातून झरे येतात. आपल्या विहिरींना पाणी लागतं ते असंच. पावसाचं पाणी त्या सैल भरावात उतरतं आणि साचून राहतं, कारण बाहेर जायला वाट नाही. म्हणजे आपण तांत्रिकदृष्ट्या विहीरच खणलेली असते. फक्त पाणी लागल्यावर नारळ फोडत नाही, बिल्डरला फोन करतो.

याला उपाय नव्हते का? होते. मुंबई-पुण्याच्या कारागिरांनी शहाबादी फरशीचं 'बॉक्स वॉटरप्रूफिंग' रूढ केलं. आधी खड्ड्याच्या तळावर मसाल्यात शहाबादी बसवायची, तिच्यावर राफ्ट घालायचा, भिंती उभ्या झाल्या की त्यांना बाहेरून शहाबादी उभी लावून मधल्या फटीत पातळ सिमेंट ओतायचं. सगळी इमारत दगडाच्या पेटीत बसवल्यासारखी. काम वेळखाऊ, पण थर बाहेरून, म्हणजे हौदाचाच नियम उलटा करून पाळलेला. आज त्याच्या जागी डांबरी किंवा प्लॅस्टिकचे पडदे आले आहेत. तत्त्व तेच.

ब्रिटिश मानकाने तळघरं कोरडी ठेवायच्या पद्धतींचे तीन प्रकार केले आहेत. एक, बाहेरून पडदा. दोन, काँक्रीटच इतकं घट्ट आणि सांधे इतके नीट की भिंतच पाणी अडवेल. तीन, थोडं पाणी येणार हे मान्य करायचं, त्याला भिंतीमागून नाली द्यायची, खड्ड्यात गोळा करायचं आणि पंपाने बाहेर काढायचं. धोका मोठा असेल तर एकावर न विसंबता दोन पद्धती एकत्र वापरायच्या. तिसरी पद्धत आपल्या लोकांना कमीपणाची वाटते. 'पाणी येणारच असेल तर पैसे कशाला?' पण आधीच बांधून झालेल्या इमारतीला, जिथे बाहेरून खणायला जागाच नाही, तिथे बऱ्याचदा तीच सर्वांत प्रामाणिक पद्धत ठरते.

गेल्या काही वर्षांत मी ओळखीच्या सोसायट्यांच्या अशा बैठकांना बसलोय. एका ठिकाणी तीन वेगवेगळ्या लोकांनी तीन वेळा आतून लेप लावला होता. बिल्डर कधीच निघून गेला होता, नकाशे कोणाकडे नव्हते, आणि भिंत ब्लॉकची की काँक्रीटची हे सुद्धा कोणाला माहीत नव्हतं. शेवटी एका म्हाताऱ्या गवंड्याने भिंतीवर काही न लावता बाहेर फेरी मारली. गच्चीचा पावसाचा पाइप भिंतीच्या बुंध्याशीच सोडलेला होता. बागेचा उतार इमारतीकडे होता. पाइप लांब नेला, उतार फिरवला, भिंतीलगत फरसबंदी केली. ओल पूर्ण गेली नाही, पण पंप दिवसातून चार वेळा लागायचा तो चार दिवसांतून एकदा लागू लागला. भिंतीवर लेप लावायच्या आधी पाणी भिंतीपर्यंत येतंय कुठून हे बघायचं, एवढंच त्याने केलं.

आता सगळ्यात गंभीर भाग. ओल आणि पूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकत्र करतो. उत्तम वॉटरप्रूफिंग केलेलं बेसमेंटही रॅम्पवरून येणारं पाणी थांबवू शकत नाही.

२७ जुलै २०२४ ला दिल्लीत ओल्ड राजेंद्र नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या बेसमेंटमधल्या ग्रंथालयात पाणी घुसलं आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तिघांचा बुडून मृत्यू झाला. तिथे भिंत पाझरली नव्हती. रस्त्यावरचं पाणी आत आलं. २६ मे २०२५ ला मुंबईत वरळीचं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक, सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, पाण्यात गेलं. तिथेही पाणी आलं ते काम चालू असलेल्या प्रवेशमार्गाच्या बाजूने. पेवाचं तोंड अरुंद का असायचं ते आता लक्षात येईल. जमिनीखालच्या जागेचा जीव तिच्या तोंडाशी असतो.

आपल्याला हे दुसऱ्यांनी सांगायची गरज नाही. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला पुन्हा ५४ च्या वर. २००५ च्या पुराने हरिपूरची पेवंही बुडवली. पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली पेवं ढासळली, हळद मातीमोल झाली, आणि त्यानंतर माल गोदामांत, शीतगृहांत जाऊ लागला. जिथे मातीची इतकी जाण होती, तिथेही नदीपुढे काही चाललं नाही. पेवाचं गुणगान करताना हे विसरून चालणार नाही. पण हरिपूरकरांनी त्यातून धडा घेतला, माल वर नेला. आपण त्याच काळात गाड्या, मीटर, जनरेटर आणि दुकानं खाली नेली.

पूररेषांचा अर्थही अनेकांना माहीत नसतो. निळी रेषा म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. 'शंभर वर्षांतून एकदा' म्हणजे पुढची नव्याण्णव वर्षं सुट्टी असं नाही. दरवर्षी शंभरात एक शक्यता, एवढाच त्याचा अर्थ. आपण सोळा वर्षांत तीन मोठे पूर पाहिले आहेत.

तेव्हा आपल्या भागातल्या वाचकांसाठी काही कामाच्या गोष्टी.

फ्लॅट किंवा गाळा घेणार असाल तर उन्हाळ्यात बघून बयाणा देऊ नका. ऑगस्टमध्ये बेसमेंट बघा. नुकताच रंग दिलेला असेल तर भिंतीच्या खालच्या दोन फुटांवर हात फिरवा, नाकाने कुबट वास घ्या. बेसमेंटच्या भिंती काँक्रीटच्या आहेत की ब्लॉकच्या ते विचारा. बाहेरून काय लावलंय आणि भराव कशाचा आहे ते लेखी मागा.

सोसायटी असेल तर नकाशे आणि काम केल्याचे फोटो जपून ठेवा. लेपावर खर्च करण्याआधी पावसात छत्री घेऊन इमारतीभोवती एक फेरी मारा. पाइप कुठे सुटतात, उतार कुठे जातो, चेंबर तुंबलंय का, पाण्याची टाकी गळतेय का. बराचसा निकाल तिथेच लागतो.

रॅम्पच्या तोंडाशी रस्त्यापेक्षा उंच उंबरठा घ्या. जोत्याचाच तो धाकटा भाऊ. विजेचं पॅनेल आणि मीटर वर हलवा. बेसमेंटमध्ये क्लास, अभ्यासिका, वॉचमनची झोपायची खोली ठेवू नका. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. वॉचमनला आपण तिथे झोपवतो कारण जागा फुकट असते.

आणि पूर आलाच, बेसमेंट भरलं, तर पाणी ओसरल्या ओसरल्या मोठा पंप लावून एका दिवसात सगळं उपसू नका. बाहेरची माती अजून पाण्याने भरलेली असते. आतलं पाणी भिंतीला उलटा आधार देत असतं. तो एकदम काढला की भिंत आत येते किंवा फरशी वर उचलते. आधी वीज तोडलीय याची खात्री करा, मग फूटभर उपसा, खूण करा, रात्रभर थांबा. पातळी पुन्हा चढली तर बाहेरचं पाणी अजून उतरलेलं नाही. चढली नाही तर पुढचा फूट.

परवानगी देणाऱ्या यंत्रणांकडे मागणीही साधीच आहे. पूरपट्ट्यात बेसमेंटला परवानगी देताना पावसाळ्यातली भूजल पातळी मोजल्याचा कागद मागावा, आणि रॅम्पच्या तोंडाची उंची २०१९ च्या पाण्याच्या खुणेशी ताडून बघावी. त्या खुणा आपल्या भिंतींवर अजून आहेत. पुढच्या रंगकामात त्या पुसल्या जाण्याआधी नोंदवायला हव्यात.

त्यासाठी तुमची मदत हवी आहे. तुमच्या घरात, गल्लीत, दुकानात २००५, २०१९ किंवा २०२१ च्या पाण्याची खूण असेल तर टेपने जमिनीपासून उंची मोजा, फोटो काढा आणि खाली कॉमेंटमध्ये ठिकाणासह टाका. हरिपूरच्या मंडळींना वेगळी विनंती. ज्यांच्या परड्यात पेव होतं किंवा अजून आहे, त्यांनी त्याची खोली, तोंडाची रुंदी आणि आतल्या थरांची माहिती घरातल्या जाणत्यांना विचारून लिहून ठेवा. ज्यांनी स्वतः कंदील सोडून पाहिलाय अशी माणसं अजून आपल्यात आहेत. त्यांना आजच विचारा.